पोत्यांच्या शिवणीखाली

लोखंड दिसलं की मामाजी आधी त्यावर अंगठा फिरवायचे आणि मग माणसाकडे पाहायचे. देवरीच्या बसमध्ये चढताना दांड्यावर अंगठा. लग्नाला गेले की मांडवाच्या खांबावर अंगठा. एकदा तर वरात थांबवून नवरदेवाच्या गाडीच्या दारावर. मग तो अंगठा डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट पाहायचे आणि त्यावर तांबूस भुकटी दिसली की चेहरा असा खुलायचा, जणू हरवलेली वस्तू सापडली.

"खाऊन राहिला!" ते मोठ्याने जाहीर करायचे. "पाहा, पाहा, खाऊन राहिला!"

कोण खाऊन राहिला हे सांगायची गरज नसे. जंग, म्हणजे गंज.

तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, ज्याला आयुष्यात एकच शत्रू आहे आणि त्या शत्रूमुळेच ज्याचे दिवस मजेत चालले आहेत. आमच्या गावात ते मामाजी होते. नात्याने माझे कोणी नव्हते. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात, आणि मी गावची सून, म्हणून गावातले सगळे वडीलधारे माझे मामाजी. पण नुसतं 'मामाजी' म्हटलं की गावाला एकच माणूस कळायचा.

आमचं गाव चिचगडकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, लहान. मोठा ट्रॅक्टर आत घातला तर वळवताना बांधाची पाळ फुटते. म्हणून आमच्या शेतकरी गटाने मिळून मिनी ट्रॅक्टर घेतला, लाल रंगाचा. मी गटाची सचिव. चिखलणीची पाळी कोणाची, डिझेल कोणी भरायचं, ग्रीस कधी मारायचं, सगळं माझ्याकडे. मला कामं ओळीत लावलेली आवडतात. मामाजींना ओळ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. ते एका वाक्यात तीन विषय बोलायचे आणि चौथ्यावर हसायचे.

ट्रॅक्टर ठेवायचा त्यांच्या अंगणात, हे मात्र पहिल्याच दिवशी ठरलं. अर्धं आयुष्य त्यांनी गोंदियाच्या राईस मिलमध्ये यंत्रांच्या आसपास काढलेलं. चालवता येत होतं, अंगण मोठं होतं, आणि घरात ते आणि मामीजी दोघंच. मुलगी लग्न होऊन गोंदियाला. ट्रॅक्टर आला आणि त्या अंगणात माणसांची रीघ लागली. कोणी पाळी विचारायला, कोणी केजव्हील, म्हणजे चिखलणीची लोखंडी चाकं, चढवायला, कोणी नुसतंच बसायला. मामीजींच्या चुलीवरचं चहाचं भगोणं उतरायचंच नाही.

"मले तं वाटते माह्या घरी रोजच लग्न लागून राहिलं," मामाजी म्हणायचे.

"लग्नात घरची बाई चहा मांडत नाही, आचाऱ्याले मांडाले लावते," मामीजी आतून म्हणायच्या. "इथे मीच मांडून राहिली."

पहिल्याच पावसाळ्यात पांघरुणाचा प्रश्न आला. मी ताडपत्रीचं म्हटलं. मामाजींनी हात झटकला. "ताडपत्री कायले? आपल्याकडे खताची खाली पोती पडली हायेत ढीगभर." यात नवल काही नव्हतं. आमच्याकडे घरोघरी तेच असतं. खताची रिकामी पोती उसवायची, एकमेकांना जोडायची आणि मोटरपंपावर, मोटरसायकलवर, मळणीयंत्रावर टाकायची. प्लास्टिकचं विणलेलं पोतं पाणी अडवतं, फाटत नाही, आणि फुकट.

मामीजी बऱ्याच दुपारी दाभण आणि सुतळी घेऊन ओसरीवर बसल्या. टाका असा सरळ की शिंप्याने पाहावा. मामाजी शेजारी उभे राहून सूचना द्यायचे. छापील बाजू वर पाहिजे, हा त्यांचा हट्ट. निळी, हिरवी, केशरी अक्षरं वर आली की पांघरूण मंडपासारखं दिसतं म्हणे. पोती धुवायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. झटकली आणि शिवली. ट्रॅक्टरला ते पांघरूण घातलं तेव्हा अर्धं गाव पाहायला आलं, आणि आमच्या गटातल्या बिसेनभाऊंसारखा सहसा कोणाचं कौतुक न करणारा माणूस म्हणाला, "ट्रॅक्टरपेक्षा याची रजई भारी."

दिवाळीच्या आत बोनटवर जंग दिसला.

मामाजींनी असं युद्ध पुकारलं की विचारू नका. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, लाल प्रायमर, वरून रंग. शिवाय मोहाच्या बियांचं तेल आणून सगळ्या सांध्यांना चोपडलं. बिसेनभाऊंनी नाक धरलं. "मामाजी, रात को भालू येईन चाटाले."

"येऊ दे. त्यालेबी अंगठा फिरवाले शिकवतो."

कारणंही ते रोज नवीन शोधायचे, तितक्याच जोरात. आधी म्हणाले, बांधीतला चिखल आंबट हाये. मग म्हणाले, दव. मग शेजारणीच्या कोंबड्यांवर आळ आला, की त्या बोनटवर बसतात. शेजारीण भांडायला आली. मामाजींनी तिला चहा पाजला आणि कोंबड्यांवरची नजर हटवली नाही.

उन्हाळाभर ट्रॅक्टर नव्यासारखा राहिला. दुसरा पावसाळा लागला, पांघरूण पुन्हा चढलं, आणि थोड्याच दिवसांत जंग पुन्हा आला, पहिल्यापेक्षा जोरात. पायदानाला भोक पडलं. आणि ऐन रोवणीत बिसेनभाऊंच्या बांधीत चिखलणी सुरू असताना ट्रॅक्टरचे अवजार उचलणारे मागचे लोखंडी हात जागीच जाम झाले. पिन जंगाने अशी धरली की घणाने निघेना. परे, म्हणजे धानाची रोपं, उपटून तयार, रोवणाऱ्या बाया बांधावर बसलेल्या, आणि ट्रॅक्टर चिखलात उभा. बिसेनभाऊंचा तो सगळा दिवस गेला.

त्या संध्याकाळी ते माझ्याकडे आले. आवाज चढलेला नव्हता, म्हणून मला जास्त काळजी वाटली.

"सचिवबाई, पोळा झाला की सभा लावा. ट्रॅक्टर माझ्या शेडमध्ये ठेवायचा. पक्की शेड हाये, फरशी हाये. मामाजी आदमी अच्छे हैं, पर त्यांच्याकडून सांभाळणं होऊन नाही राहिलं."

बोलणं खोटं नव्हतं. मी मामाजींना सभेचा निरोप दिला. त्यांनी बोनटवर अंगठा फिरवला, पण त्या अंगठ्याकडे पाहिलं नाही. मामीजींनी मला दारापर्यंत सोडताना हळूच म्हटलं, "ट्रॅक्टर गेला तं या आंगनात कोन येईन वो? हे तं दिवसभर रस्त्याकडे पाहत बसतीन."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी भर दुपारी ते माझ्या दारात उभे होते, अनवाणी, धापा टाकत. दोन सरींच्या मध्ये कडक ऊन पडलं होतं.

"सचिवबाई, चाला! आत्ताच चाला! ऊन हाये तोवर!"

"काय झालं मामाजी?"

"जंग कोन्या रस्त्यानं येते ते सापडलं!"

हातातलं काम टाकून मी निघाले. ते माझ्या पुढे पळत होते, खरोखर पळत होते, धोतराचा सोगा हातात धरून. अंगणात पांघरूण अर्धं मागे ओढलेलं. ओल्या बोनटवर ऊन तिरपं पडलं होतं, आणि त्यावर मला जे दिसलं ते मी रोज पाहत होते, पण कधी पाहिलं नव्हतं. तपकिरी रेषा. सरळ. एक आडवी, तिला छेदणारी उभी, पुन्हा आडवी. खिडकीच्या चौकटींसारख्या.

"आता मले सांगा," मामाजी कुजबुजले. त्यांचं कुजबुजणं दोन घरं पलीकडे ऐकू जायचं. "जंग कधी सरळ चालते काय? जंग म्हनजे गजकर्ण. पसरन तं गोल गोल पसरन. हा तं पट्टी ठेवून आखल्यावानी!"

मग त्यांनी पांघरुणाची कड धरली आणि सावकाश पुढे ओढत आणली. पहिली शिवण पहिल्या रेषेवर येऊन बसली. दुसरी दुसरीवर. मी वाकून बाकीच्या शिवणी रेषांशी जुळवू लागले.

त्यांनी पांघरूण उलटं केलं. शिवणीच्या दुमडीत ओला लाल लगदा साचला होता. पोटॅशचा. हे खत दिसायला लालसर, आणि आमचा ट्रॅक्टरही लाल, म्हणून दोन वर्षं डोळ्यांना चकवलं. छापील बाजू वर, म्हणजे खताची बाजू खाली, थेट पत्र्यावर. पावसाच्या पाण्याने ते विरघळायचं, शिवणीशिवणीतून झिरपायचं, मागे उतरून पिनांमध्ये जायचं, आणि पांघरुणाखाली वारा नाही म्हणून वाळायचंही नाही. मामाजींनी त्यातलं बोटभर घेतलं आणि जिभेला लावलं.

"खारट! बाई, खारट हाये! मिठात घालून ठेवला होता आपन ट्रॅक्टर, लोणच्यावानी!"

"थुंका! थुंका आधी!" मामीजी धावत आल्या. "खत खाऊन राहिले!" मग त्यांना बाकीचं समजलं आणि त्या जागीच थांबल्या. "अजी... म्हनजे मी शिवलेल्या पांघरुनानं सडला?"

मामाजींनी थुंकून तोंड पुसलं. "तुही शिवन सरळ होती म्हनून तं सापडला! वाकडी शिवली असती तं जन्मभर समजलं नसतं."

मामीजींनी पदर तोंडाला लावला. हसल्या की रडल्या ते मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

मामाजींची खात्री झाली होती, पण त्यांना गंमतही हवी होती. त्यांनी मामीजींचे दोन विळे घासून चकचकीत केले. पोटॅशच्या पोत्याचा एक तुकडा न धुता एकाला गुंडाळला, त्याच पोत्याचा दुसरा तुकडा नाल्यावर धुऊन दुसऱ्याला. दोन्ही गोठ्यात ठेवले आणि रोज त्यांवर पाणी शिंपडायचे. आम्हा तिघांशिवाय कोणाला सांगायचं नाही, असा दम मला भरला. मी रोज चक्कर मारायचे. विळे सोडायची परवानगी नव्हती. गव्हाणीपाशी उभं राहून आम्ही दोघं त्या दोन पुडक्यांकडे परीक्षेच्या निकालाकडे पाहावं तसं पाहायचो आणि मामीजी म्हणायच्या, "धान कापाले विळा लागते मले, नंतर तुमी नवा आनून देसान का?"

सोडले तेव्हा एक विळा नुसता काळवंडला होता. दुसऱ्याचं पातं तपकिरी, खरबरीत, जागोजागी टोचल्यासारखं. मामाजी गोठ्यात नाचले. म्हैस दावं ओढून मागे सरली.

"सभेत धमाका करू!" ते म्हणाले. "आधी हा सोडतो, मंग तो. बिसेनचं तोंड पाहजा तुमी!"

सभेचा विचार माझ्या डोक्यात वेगळ्या क्रमाने चालला होता. "मामाजी, असं करू. पांघरूण काढून टाका, मी ताडपत्री आणते. जंग थांबेल, ट्रॅक्टर इथेच राहील. सभेत तुम्ही सांगितलं की तुमच्याच पांघरुणाने झालं, तर तो नक्की जाईल."

हे त्यांना सुचलंच नव्हतं. ते गव्हाणीच्या काठावर बसले. खरबरीत विळा हातात तसाच. मामीजी दारात उभ्या होत्या.

"पन बाई," ते म्हणाले, "घरोघरी तेच पांघरून हाये ना. बिसेनच्या पंपावर तेच. तुमच्या स्कूटीवर तेच. सगळ्यायचं खाऊन राहिला, अन् मी चूप बसू? काऊन?"

माझी स्कूटी माझ्या लक्षातच नव्हती. तेवढ्यात ते पुन्हा उठले होते, डोळे चमकत होते. "अन् असं सापडल्यावर चूप बसवते का कोनाच्यानं!"

सभा समाजमंदिराच्या ओसरीवर भरली. पाऊस चालू होता. बिसेनभाऊंनी आपला मुद्दा मांडला, नीट आणि थोडक्यात. मग मामाजी उठले. खांद्यावर पांघरुणाची घडी, हातात दोन पुडकी. जादूगार आल्यासारखी माणसं सरसावून बसली. त्यांनी पांघरूण पसरलं, शिवणी दाखवल्या, लाल लगदा सगळ्यांच्या नाकाखालून फिरवला, आणि मग एकेक विळा सोडला.

पुढच्या माणसांनी दोन्ही पाती हातात घेऊन उलटसुलट पाहिली.

"यानी कि," बिसेनभाऊ म्हणाले, "ट्रॅक्टर तुमीच खाल्ला."

"हो!" मामाजी ओरडले. इतक्या आनंदाने अपराध कबूल करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. "मीच! दोन वर्सं मीच खाऊन राहिलो होतो, अन् कोंबड्यायले शिव्या देत होतो!"

हशा पिकला. शेजारीण सगळ्यात मोठ्याने हसली. "आता माह्या कोंबड्यायची माफी मांगा!" आणि हसता हसता बिसेनभाऊंचा चेहरा बदलला. "अरे... माझा मोटरपंप," ते म्हणाले, चपला शोधू लागले, आणि चपला न घालताच पावसात पळाले. त्यांच्यामागे आणखी एक जण उठला, मग दुसरा, मग अर्धी सभा. गल्लीत हाका ऐकू येत होत्या, "काढा वो ते पांघरून, आधी काढा!" ओसरीवर राहिलो मी, मामाजी आणि म्हातारी मंडळी. मामाजी खांबाला टेकून त्या पळापळीकडे असे पाहत होते, जणू स्वतःच्या पोरीची वरात निघालीय.

माणसं भिजून परत आली. बिसेनभाऊंच्या अंगठ्यावर तपकिरी डाग होता. ते मामाजींच्या समोरच बसले. या वेळी ते शब्द शोधत होते.

"मामाजी, बहोत बढिया काम केलं तुमी. पंप वाचला माझा. पण... शेड ते शेड हाये."

कोणी विरोध केला नाही. मीही नाही. पक्की शेड खरंच बरी होती. ठराव झाला.

"बरोबर हाये," मामाजी म्हणाले. "फरशी हाये तिथे. ओल खालून येनार नाही." आवाज नेहमीसारखाच मोठा होता. फक्त त्या धुतलेल्या पोत्याच्या तुकड्याची ते बारीक घडी घालत होते, उलगडत होते आणि परत घालत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रॅक्टर धुतला, कोरड्या फडक्याने पुसला, सांध्यांना तेल दिलं. मामीजींनी बोनटवर कुंकू लावलं, सासरी जाणाऱ्या मुलीला लावावं तसं, आणि आत निघून गेल्या. ट्रॅक्टर मामाजींनीच चालवत नेला. बिसेनभाऊंच्या शेडमध्ये वळवून लावला, खाली उतरले, आणि छत कुठे गळेल, वारा कुठून आला पाहिजे, दार कधी उघडं ठेवायचं, हे हातवारे करत इतका वेळ सांगत राहिले की बिसेनभाऊ शेवटी म्हणाले, "चहा तरी घ्या." ते थांबले नाहीत. बांधाबांधाने पायी घरी आले.

पुढचे दिवस वाईट होते. मामीजींना वाटलं होतं तसंच झालं. ते ओसरीवर बसून रस्त्याकडे पाहायचे आणि मी हाक मारली तर दचकायचे. मामीजी चहाचं छोटं भगोणं वापरू लागल्या होत्या.

मग एके दिवशी शेजारीण आली, तीच कोंबड्यांची. डोक्यावर शिलाई मशीनचं पायडल. "मामाजी, हे का हाये पाहा बरं, पोतं नव्हतं याच्यावर, तरी खाल्लं." मामाजींनी ते उन्हात धरलं आणि म्हणाले, "ठेव. सांगतो." दोन दिवस त्यांनी त्या पायडलाचा पिच्छा पुरवला. कारण सांगितलं ते चूक निघालं. मग दुसरं सांगितलं. तोवर फवारणीचा पंप येऊन पडला होता, एक सायकल, एक वजनकाटा, समाजमंदिराचं फाटक बिजागऱ्यांसकट. एकाने तर मळणीयंत्र ओढत आणलं. ज्याची वस्तू तो माणूसही मागोमाग येऊन बसायचा, कारण मामाजी काम करताना बोलायचे आणि ऐकायला कोणी तरी लागायचं.

"माह्या आंगनात भंगारवाला येऊन बसला," मामीजी म्हणायच्या आणि मोठं भगोणं चुलीवर चढवायच्या.

मी शेवटी न राहवून प्रत्येक वस्तूला नावाची चिठ्ठी बांधली आणि ओळ लावली. मामाजींनी ती ओळ एकदाही पाळली नाही. ज्याचा जंग जास्त विचित्र, त्याचा नंबर आधी.

या वर्षी मामाजींच्या गुडघ्यांनी दगा दिला. मुलगी गाडी घेऊन आली आणि दोघांना गोंदियाला घेऊन गेली. ऑपरेशन झालं. तिसऱ्या मजल्यावरचं घर, जिना उतरायला मनाई. फोनवर आवाज तेवढाच मोठा आहे, पण परत येण्याचं मुलगी बोलत नाही, आणि आता मामीजीही बोलत नाहीत.

घराची किल्ली माझ्याकडे आहे. परवा मी अंगण झाडायला गेले आणि ठरवलं, आज सगळ्यांना निरोप द्यायचा, आपापल्या वस्तू घेऊन जा म्हणून. पाऊस तोंडावर आहे. मी ओळ मोजत होते, तेवढ्यात फाटकात ट्रॅक्टर थांबला. बिसेनभाऊ उतरले. मागे बांधलेलं जुनं, जंग चढलेलं केजव्हील सोडलं, घरंगळत आत आणलं आणि ओळीच्या शेवटी भिंतीला टेकवून उभं केलं.

"भाऊ," मी म्हटलं, "मामाजी नाहीत ना आता."

"मालूम हाये," ते म्हणाले. हात झटकले आणि माझ्यासमोर पुढे केले. "चिठ्ठी द्या एक."